गाडी वाळूत नेली कोणी

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते औरंगाबादच्या माणसांकडे बघूनच म्हटलं असावं. कुठले कुठले लोक विमानाने येतात, वेरूळच्या दगडावर हात फिरवून गहिवरतात, आणि आमचा माणूस घरी पाहुणे आले तरच लेणी बघतो, तेही दारातल्या गाड्यावर कणीस खात. कय्युम मात्र रोज बघत होता, कारण त्याचं पोट त्यावर होतं. तो टुरिस्ट गाडीवर ड्रायव्हर होता. सकाळी स्टेशनवरून गिऱ्हाईक उचलायचं, दौलताबाद, वेरूळ, मकबरा, पाणचक्की करून संध्याकाळी सोडायचं, आणि दुसऱ्या दिवशी फर्दापूरमार्गे अजिंठा. एवढी वर्षं लोकांना स्थळं दाखवूनही आपण कुठे काही बघायला जावं, असं त्याच्या मनात आलं नव्हतं. गाडी दुसऱ्याची असायची, रस्ता गिऱ्हाइकाचा असायचा, मग बघणं त्याचं कुठून असणार.

मग त्याने स्वतःची गाडी घेतली. सेकंडहँड, पांढरी, सात सीटची. त्यात वहिदाच्या अंगावरचं सोनं गेलं. तिने ते कुरकुर न करता काढून दिलं, हे विशेष, कारण त्याची बायको कुरकुर न करता मेथीसुद्धा निवडत नाही. मुकुंदवाडीच्या घरापुढे गाडी उभी राहिली, तेव्हा तिने बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "अब किसी की चाकरी नई." कय्युमला त्या दिवशी आपलं सगळं मार्गी लागलं असं वाटलं. असं वाटतं तेव्हाच माणसाने जरा भिऊन राहावं, पण सुखात ते कोणाला सुचतं.

गाडीचं पहिलं भाडं नानासाहेबांनी ठरवलं. नानासाहेब कय्युमचे काका, पण रक्ताचे नव्हेत. कय्युमचा बाप फारूख पैठणच्या धरणावर त्यांच्या हाताखाली होता. नानासाहेबांचं काम दरवाज्यांचं. नाथसागर भरला की वरून हुकूम यायचा. मग नानासाहेब आधी भोंगा वाजवायचे, खालच्या गावांत दवंडी पोचली का ते विचारायचे, पुन्हा भोंगा वाजवायचे आणि मगच दरवाजा हळूहळू उचलायचे. "न सांगता पाणी सोडलं, असं आपल्या हातून एकदाबी झालं नाय," हे त्यांनी निवृत्तीच्या समारंभात सांगितलं आणि त्यानंतर भेटेल त्याला सांगत राहिले. फारूख अचानक गेला तेव्हा कय्युम दहावीत गटांगळ्या खात होता. नानासाहेबांनीच त्याला धरणाच्या रस्त्यावर जीप शिकवली, लायसन काढून दिलं आणि पहिल्या मालकाच्या दारात हाताला धरून नेलं. बापाचा चेहरा कय्युमच्या मनात पुसट होत चालला होता, निवृत्तीनंतर मुकुंदवाडीतच घर केलेल्या नानासाहेबांचा रोज समोर होता. त्यांनी शब्द टाकला आणि कय्युमने तो खाली पडू दिला, असं कधी घडलं नव्हतं.

नानासाहेबांच्या बायकोला, द्वारकाबाईंना, समुद्र बघायचा होता. "उभा जन्म पाण्याच्या काठाला गेला," त्या म्हणायच्या, "पण खारं पाणी डोळ्यानं बघितलं नाय." आता गुडघे गेले होते. मुलगा पुण्याला, त्याला सवड नव्हती. तेव्हा नानासाहेब म्हणाले, "कय्युम, काढ गाडी. तुझ्या काकूला दर्या दावून आणू."

कोकणातलं ते गाव कुठलं, ते मी सांगत नाही. गावाचा काही दोष नव्हता, आणि गावाने आपल्याकडून सांगायचं ते सांगितलं होतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये जमिनीची लांब जीभ पुढे गेलेली. जिभेच्या टोकावर जुना किल्ला, किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर, कडेला एक दर्गा, आणि खाली लाटांनी कोरलेली गुहा. हे सगळं नानासाहेबांनी टीव्हीवर बघून ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी तिघे पोचले, एका घरगुती खाणावळीत उतरले, आणि सकाळी आंबोळ्या खाऊन निघाले.

डांबरी रस्ता सुरूच्या बनात संपला. पुढे किल्ल्यापर्यंत नुसती वाळू, ओली, सपाट, लांबच लांब. समुद्र कुठेतरी दूर मागे गेला होता. कय्युमने बनात गाडी थांबवली.

"इथनं तुझ्या काकूला चालवणार हायेस का?" नानासाहेबांनी विचारलं.

"काका, पुढं वाळू हाय. ओली हाय."

"ओली हाय म्हणूनच घट्ट हाय. गाळपेर बघितली नाय का तू?"

कय्युमने गाळपेर बघितली होती. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकतं, आणि जी जमीन उघडी पडते तिच्यात काठची माणसं पीक घेतात. तिच्यावर बैलगाड्या चालतात, ट्रॅक्टर चालतात. पाणी एकदा मागे गेलं की वरच्या अंगाला पाऊस पडेपर्यंत परत येत नाही. नानासाहेबांच्या डोळ्यांपुढे तीच जमीन होती.

वाळूत एक बाई तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, उकरत होती. गाडीचा आवाज ऐकून तिने मान वर केली. "गाडी बनातच ठेवा हो," ती म्हणाली. "आता भरती लागंल."

"बाई, भरती पुनवेला अन् अवसेला," नानासाहेब खिडकीतून म्हणाले. "अवस झाली परवा. आता पंधरा दिस घोर नाय."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. शहाण्यासुरत्या म्हाताऱ्या माणसाला काय सांगावं, असं तिला वाटलं असणार. "तुमची मर्जी," म्हणाली आणि टोपली उचलून पुढे गेली.

नानासाहेबांना उगीच हसू नका. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांना पाणी खरोखरच कळत होतं. फक्त ते पाणी दुसरं होतं.

कय्युमच्या मनात पाल चुकचुकली. गाडी त्याची होती, स्टिअरिंग त्याच्या हातात होतं, आणि पाय ब्रेकवर होता. "काका, काकूला मी हाताला धरून नेतो की," तो म्हणाला.

"कय्युम," नानासाहेब म्हणाले, "पाण्याचं मला शिकवू नको."

त्याने पाय उचलला. गाडी वाळूत उतरली आणि खरंच रस्त्यासारखी पळाली. नानासाहेबांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, बघितलंस, अशी. किल्ल्याच्या दरवाज्याजवळ एका खडकाच्या आडोशाला कय्युमने गाडी उभी केली.

आणि पुढचे दोन-तीन तास फार चांगले गेले. ते चांगले गेले नसते तर पुढचं सोसायला सोपं गेलं असतं. कय्युमने आयुष्यात पहिल्यांदा किल्ला बघितला तो गिऱ्हाईक म्हणून. दरवाज्यावर कोरलेलं जनावर बघितलं, गंजलेल्या तोफेवर बसला. "दौलताबादच्या तोफंपुढं हे पिल्लू हाय," असं म्हणून आपल्या गावाची बाजूही राखली. दर्ग्यापाशी त्याने डोक्याला रुमाल बांधून फातेहा पढला. दोघांनी द्वारकाबाईंना दोन बाजूंनी धरून, बसवत बसवत विहिरीपर्यंत नेलं. समुद्र चहूकडे आणि विहिरीचं पाणी गोड. ओंजळभर पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "देवाला कुठं काय ठिवावं ते कळतं." खालच्या गुहेत लाट शिरायची आणि दगडाखालून ढोल वाजल्यासारखा आवाज यायचा. बुरुजाच्या कट्ट्यावर बसून त्या समुद्राकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या पदराला हात लावत नव्हत्या.

"एवढं सगळं कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"कोणाचंच नाय," नानासाहेब म्हणाले. बायकोला समुद्र दाखवल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

कय्युम दोनदा उठला. "गाडी बघून येतो," म्हणाला. दोन्ही वेळा नानासाहेबांनी त्याला बसवलं. गाडीला काय पाय फुटलेत का, म्हणाले. तिसऱ्या वेळी द्वारकाबाईंच्या गोळ्या गाडीत राहिल्याचं निमित्त मिळालं, आणि तो दरवाज्याशी आला.

वाळू नव्हती. सकाळी जिथून गाडी पळाली होती तिथे पाणी होतं, आणि ते धरणाच्या पाण्यासारखं एका बाजूने येत नव्हतं. खाडीकडूनही येत होतं, समुद्राकडूनही येत होतं, निवांत, काही घाई नसल्यासारखं. खडकाशी त्याची पांढरी गाडी अर्ध्या चाकांपर्यंत पाण्यात उभी होती.

तो धावला. गाडी चालू झाली. पहिला गिअर टाकला, चाकं गरगरली आणि जागच्या जागी खाली गेली. रिव्हर्स टाकला, आणखी खाली गेली. सीटखालचं पायपुसणं, स्वतःचा शर्ट, हाताला लागेल ते त्याने चाकाखाली घातलं. लाट यायची आणि ते ओढून न्यायची. मागून नानासाहेब आले, धोतर सावरत गुडघाभर पाण्यात उतरले आणि गाडीला खांदा लावला. सत्तरी उलटलेला माणूस, त्याच्या ढकलण्याने काय होणार होतं. "भोंगा नाय झाला," ते म्हणत होते. "कय्युम, भोंगा नाय झाला. न सांगता कसं सोडलं पाणी."

कय्युम हातांनी चाकाखालची वाळू उपसत राहिला. त्यांना कसं सांगणार, की काका, इथे सोडणारं कोणी नाही.

किल्ल्याच्या कडेच्या खडकांवरून भरतीतही पाण्याच्या वर राहणारी एक पायवाट गावात जाते. त्या वाटेने माणसं आली, दोर घेऊन आली. दोर बांधला, ओढला, तुटला. दुसरा बांधला. ट्रॅक्टर वळसा घालून सुरूच्या बनापर्यंत आला, पण त्याचा मालक तिथेच थांबला. "आता उतरवला तर माझाबी जाईल," म्हणाला, आणि ते खरं होतं. पाणी कमरेला आलं तेव्हा दोघा-तिघांनी कय्युमला काखेत धरून बाहेर काढलं. तो गाडीच्या दाराचं हँडल सोडत नव्हता. कोळ्यांनी त्याची बोटं एकेक करून उघडली.

मग सगळे खडकावर बसले आणि बघत राहिले. याच्याइतकं वाईट काही नसतं. आग लागली तर पाणी मारता येतं, चोर आला तर ओरडता येतं, इथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोणीतरी चहा आणून दिला, तो तिघांनी घेतलाही. पाणी बोनेटवर चढलं, तसे गाडीचे दिवे आपोआप लागले आणि हॉर्न वाजायला लागला. खारं पाणी तारांत शिरलं की असं होतं, एक कोळी म्हणाला. हॉर्न एकसारखा वाजत होता. नानासाहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. शेवटी तो आवाज घोगरा होत बंद पडला, आणि थोड्या वेळाने टपावरचं कॅरिअर तेवढं दिसत राहिलं.

त्यातच नानासाहेबांचा फोन वाजला. मुलगा होता. खाणावळवाल्याने त्याला कळवलं होतं. तो इतक्या जोरात बोलत होता की खडकावरच्या सगळ्यांना ऐकू आलं. "बाबा, गाडी वाळूत नेली कोणी? कोणाचं डोकं हे?"

नानासाहेबांनी फोन कानापासून खाली घेतला. जमलेली माणसं त्यांच्याकडे बघत होती, द्वारकाबाई बघत होत्या. कय्युमच्या पोटात राग होता, नाही असं नाही. पण हा माणूस उभं आयुष्य पाणी कळतं म्हणून मान ताठ ठेवून जगला, आणि ती मान आता एवढ्या लोकांत खाली गेलेली कय्युमला बघवेना. त्याने फोन घेतला.

"दादा, मीच नेली," तो म्हणाला. "मला वाळूचा अंदाज आला नाय."

द्वारकाबाईंनी त्याच्याकडे चमकून पाहिलं. नानासाहेबांनी पाहिलं नाही.

ओहोटीला गाडी ओढून काढली आणि ट्रकवर घालून मुकुंदवाडीला आणली. मेकॅनिकने बोनेट उघडून बघितलं आणि हळूच पुन्हा बंद केलं. मिठाने सगळं खाल्लं होतं. माणूस आपणहून गाडी समुद्रात नेतो, त्याला विमा मिळत नाही, असं विमावाल्याने सांगितलं. वहिदाला कय्युमने खरं ते सांगितलं. तिला तरी सांगायलाच हवं होतं.

"तो तुमे बोलते क्यूं नई सबके सामने?" तिने विचारलं.

"काका खुद बोलेंगे," तो म्हणाला. "थोडं थांब."

काका बोलले नाहीत. त्यांनी जेवण सोडलं. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. द्वारकाबाईंनी बोलावणं पाठवलं, तसा कय्युम गेला. पायाशी बसला आणि म्हणाला, "काका, तुमचा काय दोष? स्टिअरिंग माझ्या हातात व्हतं. ड्रायव्हर मी." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, पुन्हा तेच म्हणाला. लहान पोराला औषध पाजावं तसा तो रोज जाऊन तेच सांगत राहिला. एक दिवस नानासाहेब उठून बसले आणि म्हणाले, "व्हय, ड्रायव्हर तूच व्हतास." त्या दिवशी ते भाकरी जेवले. द्वारकाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

पुढे ते हिंडू-फिरू लागले, बोलू लागले. गल्लीत, दवाखान्यात, जिथे विषय निघेल तिथे. कय्युमच्या कानावर काही काही येत होतं, पण त्याने मनावर घेतलं नाही. त्याला कामाची फिकीर होती. समुद्रात गाडी घालणारा ड्रायव्हर म्हणून स्टेशनवरच्या पोरांनी त्याची चेष्टा चालवली होती, आणि चेष्टेचं पर्यवसान असं झालं की कोणी मालक त्याच्या हातात चावी देईना. तीन महिने तो घरी बसून होता. वहिदा दुसऱ्यांचे कपडे शिवायला लागली होती.

अशात नानासाहेबांनीच बद्रीनाथ शेठना घरी बोलावलं. शहरात नाव असलेला टूर्सवाला, त्याच्याकडे बारा महिने काम. त्याला विश्वासाचा ड्रायव्हर हवा होता. "शेठ आपल्या वळखीचे हायेत, मी शबुद टाकतो," असा निरोप नानासाहेबांनी पाठवला. कय्युम इस्त्रीचा शर्ट घालून गेला. निघताना वहिदा दारात उभी राहिली.

नानासाहेबांनी शब्द टाकला, आणि अगदी मनापासून टाकला. "शेठ, पोरगं लाखात एक. याच्या बापाला मी वळखत व्हतो. दारू नाय, तंबाखू नाय, गिऱ्हाइकाशी बोलणं गोड. माझ्या पोरापेक्षा याच्यावर माझा जीव हाय." मग त्यांनी कय्युमच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता चूक कोणाच्या हातनं व्हत नाय? मी सांगत व्हतो, कय्युम, अवस आत्ताच झालीया, अशा टायमाला भरतीला जोर असतो, गाडी बनातच ठिव. तिथली एक बाईबी सांगत व्हती. पण तरणं रगत, म्हणलं काय व्हतंय, आन् घातली वाळूत. आता पाण्याचं मला कळतं, त्याला कसं कळावं? त्यात त्याचा काय दोष?"

कय्युमने त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत कुठे चलाखी दिसते का, ओशाळेपण दिसतं का, ते शोधलं. काहीच नव्हतं. म्हातारा खोटं बोलत नव्हता. रोज पायाशी बसून जे पाजलं होतं, ते अंगी लागलं होतं.

बद्रीनाथ शेठ कय्युमकडे वळले. "खरं का हे? मोठ्या माणसाने सांगूनही नेलीत?"

स्वयंपाकघराच्या दारात द्वारकाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या एक पाऊल पुढे आल्या. "अहो, ऐका जरा," त्या म्हणाल्या, "ते तसं नव्हतं..."

नानासाहेबांनी त्यांच्याकडे मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं, आणि त्याच्यामागे, फार आत, कय्युमला खडकावर खाली गेलेली ती मान दिसली. निघताना घराच्या दारात उभी राहिलेली वहिदाही त्याला दिसली. दोन्ही एकदम दिसलं.

"काकू, चहा द्या," तो म्हणाला. मग शेठकडे बघून म्हणाला, "व्हय शेठ. काका सांगत व्हते. मीच ऐकलं नाय."

द्वारकाबाईंनी ट्रे खाली ठेवला आणि त्या आत निघून गेल्या. शेठनी चहा शेवटपर्यंत घेतला. माणूस सभ्य होता. "स्वभाव चांगला आहे तुमचा," उठताना ते म्हणाले. "पण आमच्या गाडीत लांबून आलेली माणसं असतात. सांगितलेलं न ऐकणारा ड्रायव्हर मला परवडत नाही." चपला घालून ते गेले.

नानासाहेब त्यांना फाटकापर्यंत पोचवून आले. कय्युम होता तिथेच बसला होता. त्यांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला, धरणाच्या रस्त्यावर जीप बंद पडली की फिरवायचे तसाच.

"एवढं तोंड पाडू नको," ते म्हणाले. "मी लई चांगलं बोललोय तुझ्याबद्दल."